सेशन साठवायला रेडिस की डायनॅमोडीबी? हंगामभर वापरून

फोंड्याच्या बाजूला होणाऱ्या मराठी नाटकांची तिकिटं विकणारी साइट मी चालवतो. लॉगिन आणि खुर्च्यांची निवड, दोन्ही सेशनमध्ये, म्हणजे साइटवर आलेल्या माणसाची जी तात्पुरती नोंद ठेवतो तिच्यात. आधी सगळं रेडिसवर होतं, म्हणजे मेमरीत डेटा ठेवणाऱ्या साठ्यावर; तो एक कंपनी भाड्याने चालवून देते. एकच नोड, म्हणजे एकच सर्व्हर. वेगाला तोड नाही, हे आधीच सांगतो.

मग एका रविवारी, प्रयोगाच्या ऐन बुकिंगमध्ये, त्यांनी देखभालीसाठी नोड रीस्टार्ट केला. निम्म्या लोकांनी पैसे भरायचं बटण दाबलं आणि समोर आलं लॉगिनचं पान. सपोर्टचं उत्तर: ‘कॅशमधला (तात्पुरत्या साठ्यातला) डेटा टिकेलच अशी हमी नसते.’ बरोबर आहे, म्हणूनच जास्त डोकं फिरलं. उपाय म्हणून रेप्लिका, म्हणजे जोडीला तसाच दुसरा नोड, घ्या म्हणाले, म्हणजे भाडं दुप्पट. आणि भाडं तासाचं! भर पावसात प्रयोग नाही, गिऱ्हाईक नाही, तरी मीटर चालूच.

स्टिकी सेशनचा, म्हणजे एका गिऱ्हाइकाला कायम एकाच सर्व्हरकडे पाठवायचा, विचारच केला नाही. सर्व्हर गेला की सेशनही गेलं. सगळं कुकीत, म्हणजे ब्राउझरमधल्या छोट्या नोंदीत, कोंबलं तर ब्राउझर साधारण ४ केबीला अडवतो, आणि कुणाला मध्येच लॉगआउट करायचं तर हातात काही नाही.

म्हणून ॲमेझॉनचा डेटाबेस डायनॅमोडीबी, तोही ऑन-डिमांड, म्हणजे जेवढा वापर तेवढं बिल. वापर नाही तर बिल फक्त साठवणीचं, आणि महिन्याला पहिले २५ जीबी फुकट. माझी खरी खोड मात्र इथून सुरू झाली. लिहिण्याचा हिशोब १ केबीच्या पटीत होतो, सेशन १.१ केबी झालं की बिलाची दोन युनिट लागतात. वर फील्डच्या नावांचीही अक्षरं मोजतात! मग मी ‘निवडलेल्या_खुर्च्या’चं ‘खु’ केलं, नाटकाची सगळी माहिती काढून फक्त क्रमांक ठेवला. घरचे हसतात, हसू देत. सेशनची वेळही दर क्लिकला नाही, पाच मिनिटांनी एकदाच लिहितो.

सुरुवातीला हे रेडिसपेक्षा हळू म्हणून नाक मुरडलं होतं. ते मत आता बदललंय. फरक काही मिलिसेकंदांचा, आणि सत्तरीतल्या गिऱ्हाइकाच्या मोबाइलला रेंज मिळेपर्यंत ते कुठल्या कुठे विरतात.

दोन गोष्टी सांभाळा. टीटीएल (नोंद आपोआप पुसायची मुदत) संपलेली सेशनं लगेच पुसली जात नाहीत, कधी काही दिवस तशीच पडून असतात आणि वाचताना हातात येतात. पुसणं फुकट आहे, पण मुदत आपल्या कोडमध्ये तपासायलाच हवी. आणि लॉगिननंतरचं पहिलं वाचन ‘स्ट्राँगली कन्सिस्टंट’ ठेवा, म्हणजे नुकतंच लिहिलेलंच हातात येतं, जुनं नाही. ते दुप्पट पडतं, पण तिथे मी हात आखडत नाही.

खुर्ची अडवून ठेवणं मात्र सेशनमधून काढून वेगळ्या टेबलात नेलं, अटीसह लिहून: खुर्ची मोकळी असेल तरच नोंद. दिवाळीनंतरच्या प्रयोगांना तेच चालवणार.