लाइन इन्फेक्शनसाठी रॅपिड पीसीआर पॅनेल, ९ महिने वापरल्यानंतर (आणि बाटलीवरच्या स्टिकरबद्दल)

गेल्या शनिवारी संध्याकाळी आमचं पीसीआर मशीन रन अर्धवट टाकून एरर देऊन बसलं, त्यातलं टेस्टचं पाऊच गेलं ते गेलंच, सर्व्हिसवाल्यांना फोन लावला तर म्हणे सोमवारी बघू, आणि त्या दोन दिवसांत मला कळलं की आपण सगळे या मशीनला किती सवकलोय. म्हणून आज लिहायलाच बसले.

मी विदर्भातल्या एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलच्या मायक्रो लॅबमध्ये टेक्निशियन आहे, १४ वर्षं झाली. मशीनचं नाव देत नाही, कंपनीशी भांडण अजून मिटलेलं नाहीये. पॉझिटिव्ह ब्लड कल्चरच्या (म्हणजे पेशंटच्या रक्तातले जंतू वाढलेल्या) बाटलीतून थेट लावायचं मल्टिप्लेक्स पीसीआर पॅनेल आहे, एकाच वेळी बऱ्याच जंतूंचे जीन्स शोधणारं, एका पेशंटला एक पाऊच, तासाभरात जंतूंची नावं आणि काही रेझिस्टन्स जीन्स, म्हणजे औषधाला दाद न देणारे जीन्स. बाकी स्पेक्स तुम्हाला माहिती असतीलच.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खरंच आहे. पूर्वी रात्री बाटली फ्लॅग झाली (कल्चर मशीनने जंतू वाढल्याचं दाखवलं) की ग्रॅम करायचं (रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघायचं), प्लेट लावायची, दुसऱ्या दिवशी कॉलनी, मग मशीनवर आयडी-सेन्सिटिव्हिटी (जंतू कोणता आणि औषध कोणतं चालेल), म्हणजे फायनल रिपोर्ट हातात येईपर्यंत दीड-दोन दिवस सहज जायचे. पावसाळ्यात आयसीयूतल्या एका पेशंटच्या बाटलीत ग्रॅमवर यीस्ट दिसलं, सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत घातलेली नळी) टीपीएन, म्हणजे शिरेतून दिलं जाणारं पोषण, चालू होतं त्याला. पूर्वी मी "यीस्ट दिसतंय" एवढंच फोनवर सांगितलं असतं. पाऊच लावलं, तासाभरात कॅन्डिडा ऑरिस. हा जंतू २००९ मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा नोंदवला गेला, त्याच्यावर फ्लुकोनॅझोल सहसा चालत नाही, आणि जुन्या आयडी मशीन त्याला कॅन्डिडा हीम्युलोनी म्हणून मोकळ्या व्हायच्या. त्याच रात्री औषध बदललं, लाइन काढली, पेशंट आयसोलेशनमध्ये गेला. एवढ्या एका रात्रीसाठी मी या मशीनला मानते. क्लेब्सिएला जंतूत एनडीएम आणि ओएक्सए-४८ हे दोन्ही रेझिस्टन्स जीन्स निघाले तरी तसंच, सेफ्टाझिडीम-एव्हिबॅक्टम एकटं पुरणार नाही, सोबत ॲझट्रिओनम जोडायचं की नाही हा विचार डॉक्टर त्याच शिफ्टमध्ये करू शकतात.

आता पैशांचं. पेशंटच्या बिलात ही टेस्ट पाच आकड्यांत जाते. परवा एका पेशंटचा मुलगा खिडकीशी येऊन विचारत होता, मॅडम ही तपासणी केली म्हणजे ते कल्चरचं बिल लागणार नाही ना? त्याला सांगावं लागलं की दादा, दोन्ही लागणार. का लागणार ते खाली लिहिलंय. पण त्याचा चेहरा बघून मला वाटलं की हे आपण पाऊच फोडायच्या आधी सांगायला हवं होतं.

पहिले तीन महिने माझं ठाम मत होतं की स्टॅफ एपिडर्मिडिससारख्या जंतूंवर पाऊच लावणं म्हणजे पैसे पाण्यात. कातडीवरचा जंतू, अर्ध्या वेळा कंटॅमिनेशन, त्याला एवढा खर्च कशाला. सरांशी वाद पण घातला. मग डायलिसिसचे एक काका आले, बुलढाण्याकडचे शेतकरी, परमकॅथवर (डायलिसिससाठी शिरेत ठेवलेल्या कॅथेटरवर) चालू होते, फिस्टुला (हातातली शिरा जोडून केलेली डायलिसिसची जागा) दोनदा फेल गेलेला. डायलिसिस सुरू होऊन अर्धा तास झाला की थंडी वाजून ताप. बाटली फ्लॅग झाली, ग्रॅमवर घोसात कॉकाय (गोल जंतू). स्टॅफ ऑरियस असेल तर परमकॅथ काढावाच लागतो, आणि या काकांना दुसरी जागाच उरलेली नव्हती. पाऊच लावलं, एपिडर्मिडिस निघाला, मेकए (मेथिसिलिन रेझिस्टन्सचा जीन) पॉझिटिव्ह. नेफ्रोच्या सरांनी रात्रीत कॅथेटर उपटला नाही, व्हँकोमायसिन आणि लॉक (कॅथेटरमध्ये भरून ठेवायचं अँटिबायोटिक) सुरू केलं, कॅथेटर वाचला. त्या दिवशी मी मत बदललं. "ऑरियस नाही" हे तासाभरात कळणं हाच तिथे सगळा फायदा होता.

पण त्याच केसमध्ये दुसरी गोष्ट झाली, आणि मला मुळात तीच लिहायचीय. एपिडर्मिडिस आहे हे मशीनने सांगितलं. तो कॅथेटरमधूनच येतोय का, हे मशीनने नाही सांगितलं. सांगूच शकत नाही, बाटलीत जे आहे त्याचं नाव सांगणं एवढंच त्याचं काम. ते कळलं दोन बाटल्यांच्या वेळेवरून. एकाच वेळी कॅथेटरमधून एक आणि हातातून एक अशी सारखं रक्त भरून घ्यायची, एकाच वेळी मशीनमध्ये टाकायची, आणि कॅथेटरवाली बाटली हातावालीच्या निदान २ तास आधी फ्लॅग झाली तर गडबड लाइनमध्ये आहे असं धरतात. आयडीएसए या अमेरिकेतल्या इन्फेक्शनच्या डॉक्टरांच्या संस्थेच्या २००९ च्या गाइडलाइनमध्ये हेच १२० मिनिटं लिहिलंय. काकांची कॅथेटरवाली सव्वा अकरा तासांत, हातावाली साडेपंधरा तासांत. यात पीसीआरचा एक रुपया नाही, कल्चर मशीनमध्ये ही वेळ आपोआप पडते.

फक्त कुठली बाटली कुठली हे कळायला हवं! आणि आमच्याकडे नऊ महिन्यांत मला सगळ्यात जास्त त्रास दिला असेल तर तो या गोष्टीने. दोन बाटल्या येतात, दोन्हीवर तोच बारकोड, फॉर्मवर "ब्लड सी/एस २". लाइनची कुठली? वॉर्डात फोन करा तर सिस्टरची ड्युटी बदललेली. कधी दोन्ही लाइनमधूनच काढलेल्या, कारण पेशंटला पुन्हा टोचायचं नाही म्हणून. कधी एक बाटली सहाला येते आणि दुसरी ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात राहून मावशींना नऊला सापडते, मग त्या वेळेच्या फरकाला काय अर्थ राहिला? कधी लाइनच्या बाटलीत १० मिली आणि हाताच्या बाटलीत जेमतेम ३, शीर सापडली नाही म्हणून. मग कमी रक्ताची बाटली तशीही उशिरा फ्लॅग होणार आणि आपण लाइनला दोष देणार. मेल्ट कर्व्हपर्यंत सगळं अचूक करणारं मशीन आणि त्याच्या आधीचं बाटलीवरचं एक अक्षर गायब.

मी स्टेशनरीच्या दुकानातून लाल आणि निळ्या गोल स्टिकरचे रोल आणले, लाल म्हणजे लाइन, निळा म्हणजे हात. स्टिकर बाटलीच्या बुडाला लावायचा नाही, तिथला सेन्सर झाकला जातो आणि मशीन वाचत नाही. बारकोडवर पण नाही. मानेच्या खाली, बाजूला. त्यावर पेनाने घेतल्याची वेळ. आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टरनी मनावर घेतलं आणि दोन महिने सुरेख चाललं, नंतर स्टाफ बदलला की परत कोऱ्या बाटल्या. मी परत वर जाऊन सांगते, सांगतच राहते. ज्यांच्याकडे हे पॅनेल येणार आहे त्यांनी ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी मशीनच्या आधी हे शिकवा, हात जोडून सांगते. थेट रक्तातून, कल्चरशिवाय लागणाऱ्या टेस्ट पण आल्यात, त्यांचा वेग चांगलाच आहे, पण कल्चर बंद केलं तर हा दोन तासांचा पुरावा हातचा जाईल.

दुसरी मोठी अडचण, रिपोर्ट वाचण्याची. अॅसिनेटोबॅक्टर निघाला, जीन्सच्या रकान्यात एनडीएम नॉट डिटेक्टेड, बाकीचे पण नॉट डिटेक्टेड. रात्रपाळीच्या आरएमओंचा (ड्युटीवरच्या डॉक्टरांचा) फोन, "म्हणजे मेरोपेनम चालेल ना?" नाही चालणार असं समजूनच चला. आपल्याकडच्या अॅसिनेटोबॅक्टरमध्ये ओएक्सए-२३ (मेरोपेनम निकामी करणारा जीन) भरपूर आहे आणि तो आमच्या पॅनेलमध्ये नाहीच. दुसऱ्या दिवशी प्लेटवर मेरोपेनम रेझिस्टंट आलंच. आता आम्ही रिपोर्टखाली ठळक लिहितो की जीन सापडला नाही म्हणजे औषध चालेल असं नाही. बर्कहोल्डेरिया सेपेशियाचं तसंच, ग्रॅमवर लाल काड्या स्पष्ट दिसतायत आणि पॅनेल पूर्ण निगेटिव्ह, कारण यादीतच नाही. प्लेटवर उगवला तेव्हा कळलं. म्हणून त्या मुलाला सांगितलं की कल्चरचं बिल लागणारच, प्लेट कधीही कॅन्सल करायची नाही.

सर्व्हिसबद्दल. पाऊच १५ ते २५ डिग्रीत ठेवायचे असतात. मे महिन्यात आमच्याकडे बाहेर ४५, आणि स्टोअरचा एसी रात्री बंद करायची पद्धत होती, वीज वाचवायला. त्या महिन्यात दोन पाऊच असे निघाले की पाणी आत ओढलंच जाईना, व्हॅक्यूम गेलेला. कंपनी म्हणे तुमचं स्टोरेज. मी म्हणाले एक डबा कालच आलाय, त्याचं काय? तापमानाच्या वहीचे फोटो, लॉट नंबर, फाटलेल्या पाकिटाचे फोटो, अकरा मेल झाले तेव्हा दोनपैकी एक पाऊच बदलून मिळालं. दुसऱ्याचे पैसे लॅबच्या माथी. एसी आता चोवीस तास चालू असतो आणि दोन वेळा तापमान लिहिणं मी कुणालाच चुकवू देत नाही. नवीन घेणाऱ्यांनी करारात लिहून घ्या की रन फेल झाला तर पाऊच कोण देणार आणि इंजिनिअर किती तासांत येणार. तोंडी आश्वासनाला काही किंमत नाही.

माझ्या मते घ्यावं का? आयसीयू आणि डायलिसिस मोठं असेल, आणि रात्री रिपोर्ट बघून औषध बदलणारा माणूस जागा असेल तर घ्या. रात्री अडीचला लागलेला रिपोर्ट सकाळी राउंडला दहा वाजता वाचणार असाल तर आधी ते सुधारा.

आणि शनिवारचं. मशीन बंद पडल्यावर रात्री साडेदहाला लाल स्टिकरची बाटली फ्लॅग झाली, सबक्लेव्हियन लाइन, ग्रॅमवर घोस. फ्रिजमध्ये सशाचा प्लाझ्मा होता. बाटलीतलं काही थेंब घेऊन ट्यूब कोअॅग्युलेज लावलं, जुन्या मॅडमनी शिकवलेलं (ऑरियस असेल तर प्लाझ्मा गोठतो), ३७ डिग्रीला ठेवलं आणि दर तासाला तिरपी करून बघत बसले. दोन तासांनी पाणीच. तीन तासांनी कडेला थोडं दाटल्यासारखं. चौथ्या तासाला ट्यूब आडवी केली तर आतला गोळा हललाच नाही. आयसीयूला फोन केला, ऑरियस समजून चला. निळ्या स्टिकरची बाटली लाइनवालीनंतर तीन तास दहा मिनिटांनी फ्लॅग झाली, ती वेळ पण कळवली. पहाटे लाइन काढली. सोमवारी आयडी आला, स्टॅफ ऑरियसच. मशीन मंगळवारी दुपारी चालू झालं, आणि प्लाझ्माची नवीन बाटली मी त्याच दिवशी इंडेंटला टाकली.