साउंडबॉक्स: गल्ल्यावरचा बोलका डबा घेताना काय बघावं

यूपीआय २०१६ साली आलं, पण वडापावच्या गाडीवर ते रुळलं ते पैसे जमा होताच रक्कम बोलून सांगणाऱ्या या डब्यामुळे, असं आमचं स्पष्ट मत आहे. वडे तळणाऱ्याचे हात तेलकट आणि नजर कढईवर. पैसे आले का हे बघायला फोन काढा, लॉक उघडा, मेसेज शोधा, एवढा वेळ त्याच्याकडे नसतो. मग गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनवर भरवसा ठेवावा लागतो, आणि हुबेहूब खोटा स्क्रीन दाखवणारी बनावट अ‍ॅप्स आहेतच. साउंडबॉक्समध्ये स्वतःचं सिमकार्ड, बॅटरी आणि स्पीकर असतो, त्यामुळे फोन घरी राहिला तरी रक्कम ऐकू येते. नवं काही शिकावं न लागता तीन पायऱ्या वाचल्या. इतकं नेमकं डिझाइन क्वचित बघायला मिळतं.

कमतरता मात्र आहेत. लागोपाठ दोघांनी वीस-वीस रुपये भरले तर डबा दोनदा वीस म्हणतो, कोणाचे ते सांगत नाही. गर्दीत एकच घोषणा ऐकू आली की वाद ठरलेला. पुन्हा ऐकवायचं बटण असेल तर ते कुठे आहे, हे आधीच बघून ठेवा. मराठी आवाजात 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांची सुरुवात सारखीच, आणि रस्त्याच्या गोंगाटात नेमका शेवट हरवतो. पंधरा-वीसच्या पदार्थांना याने फरक पडत नाही, किराणा दुकानाला पडतो. शिवाय क्यूआर आणि स्पीकर एकाच बाजूला असले की आवाज गिऱ्हाइकाकडे जातो. अशा वेळी क्यूआरचा वेगळा स्टँड पुढे ठेवावा आणि डबा आपल्याकडे वळवावा.

बसवताना व्यापारी अ‍ॅपमध्ये भाषा निवडा, दुसऱ्याच्या फोनवरून एक रुपया पाठवा आणि घोषणा किती सेकंदांत येते ते मोजा. उशीर होत असेल तर आधी जागा बदला. पत्र्याच्या टपरीत, खालच्या खणात रेंज हमखास जाते. पैसे जाऊनही डबा गप्प राहिला तर क्यूआर तपासा. दुकानात जुना, दुसऱ्या खात्याचा स्टिकर राहिलेला असतो, किंवा कोणीतरी स्वतःचा स्टिकर आपल्या स्टिकरवर चिकटवलेला असतो. म्हणून रोज दुकान उघडताना एकदा स्कॅन करून, येणारं नाव आपलंच आहे ना, हे बघावं.

रक्कम टाकून दर वेळी नवा क्यूआर दाखवणारे स्क्रीनचे डबेही मिळतात. मेडिकलमध्ये ३४७ रुपयांसारखी बिलं असतात, तिथे ते उत्तम: गिऱ्हाइकाला आकडा टाकावा लागत नाही, चूक होत नाही. ऐकू कमी येणाऱ्या दुकानदारानेही स्क्रीनवाला डबाच घ्यावा. गाडीवाल्याला मात्र प्रत्येक वड्यामागे बटणं दाबायला लावणारा हा डबा नको. त्याला साधाच बरा. डबा घेण्याआधी महिन्याचं भाडं आणि तो परत करण्याच्या अटी लेखी मागून घ्या.