पणजीतला फोटो वॉक : फोंताईन्हासपासून बेतीच्या फेरीबोटीपर्यंत

आधी निकाल सांगते आणि मग बाकीचं. पैसे वसूल आहेत, जरूर करा, पण सकाळचाच घ्या. संध्याकाळची बॅच पण असते म्हणे पण फोंताईन्हाससाठी, म्हणजे पणजीतल्या जुन्या रंगीत घरांच्या वस्तीसाठी, ती उपयोगाची नाही, कारण पुढे सांगतेच. पाचपैकी चार स्टार. एक स्टार का कापला ते पण सांगते.

मी डिचोलीची, ऑफिस पणजीतल्याच पाट्टो भागात, पाट्ट्यावर, म्हणजे पणजी माझ्या रोजच्या पायाखालची. पण कोल्हापूरहून मावसबहीण आणि तिचा नवरा आले होते, दोघांनाही फोटोचं भयंकर वेड, तो तर दोन बॉडी आणि चार लेन्स घेऊन फिरणारा माणूस, आणि त्यांना बीच नको होता, शहर हवं होतं. म्हणून मी हा वॉक बुक केला. घेऊन जाणारी मुलगी फोंताईन्हासला लागून असलेल्या मळा भागातलीच, म्हणजे अगदी तिथेच लहानाची मोठी झालेली, आणि खरं सांगायचं तर सगळा फरक त्यानेच पडतो. रीलवर जे दिसतं ते कोणीही दाखवेल हो, पिवळी भिंत, निळी भिंत, लाल दार, त्याला गाईड कशाला पाहिजे.

सकाळी साडेसहाला ओरेम खाडीच्या बाजूला जमायचं. इतक्या लवकर का, तर फोंताईन्हास आल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याला पूर्वेकडे आहे, म्हणजे पूर्वेला खाडी आणि पश्चिमेला टेकडी. सूर्य खाडीवरून वर येतो आणि रस्त्यावरच्या घरांच्या तोंडावर सरळ पडतो. दुपार कलली की टेकडीची सावली आधी ह्याच घरांवर येते, बाकी पणजीत लख्ख ऊन असतं तेव्हा इथे रंग मेलेले दिसतात. म्हणून संध्याकाळी चार वाजता येऊन 'फोटोत मजा नाही आली' म्हणणारी जी माणसं आहेत ना त्यांचं हेच होतं. आतल्या गल्ल्या खूप अरुंद आहेत, तिथे ऊन जरा उशिरा उतरतं, त्यामुळे तिने आम्हाला आधी खाडीच्या रस्त्याने नेलं आणि मग आत, आणि हा क्रम एकदम बरोबर होता.

आत शिरल्यावर तिने पहिली गोष्ट सांगितली ती कॅमेऱ्याची नव्हतीच. म्हणाली, "काका, ह्या घरांत माणसं राहतात. दारात उभं राहायचं नाही, सोप्यावर म्हणजे दाराबाहेरच्या बाकावर बसायचं नाही, खिडकीतून आत लेन्स घालायची नाही. बाहेर कोणी दिसलं तर आधी नमस्कार, मग कॅमेरा." हे मला फार म्हणजे फार आवडलं. कारण तिथे कित्येक दारांवर फोटो काढू नका म्हणून बोर्ड लागलेत आणि ते उगाच लागलेले नाहीत, प्री-वेडिंगवाले येतात, रिफ्लेक्टर लावतात, कपडे बदलतात, मोठ्याने गाणी लावतात, आणि आत कोणी म्हातारं माणूस झोपलेलं असतं. मला ह्याचा मनापासून राग येतो. गोव्याचं माणूस पाहुण्याला नाही म्हणत नाही, पण त्याच्या घराचा स्टुडिओ करून टाकायचा हे बरोबर नाही. एका घरासमोर एक आंटी झाडांना पाणी घालत होत्या, आमच्या गाईडने कोंकणीत विचारलं तर हसून म्हणाल्या, "फोटो काडात, पूण सोप्यार बसूं नाकात." आणि मग स्वतःच बाल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीच्या, रेलिंगला हात टेकवून उभ्या राहिल्या. ह्या सगळ्या सकाळीतला सगळ्यात सुंदर फोटो तो आहे, भावोजींनी ५० मिमीच्या, झूम न होणाऱ्या प्राईम लेन्सवर काढलाय, आणि तो मी कुठेही टाकणार नाही कारण त्यांनी फोटो काढायला हो म्हटलं होतं, टाकायला नाही.

माहिती पण चांगली देते, रटाळ नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी मोझांबिकहून पैसा कमावून परत आलेल्या सिकेरा नावाच्या माणसाने ही वस्ती उभी केली, त्याला लोक मोसमीकार, म्हणजे मोझांबिकवाला, म्हणायचे. पुढे १८४३ ला राजधानी ओल्ड गोव्याहून अधिकृतपणे पणजीला आली. घरं चिऱ्याची, वर चुना, आणि आपला पाऊस तर तुम्हाला माहीत आहे, चार महिन्यात भिंतीवर शेवाळ चढतं, म्हणून पावसानंतर घर रंगवायचं ही पद्धत, आणि पांढरा रंग चर्च-चापेलींसाठी राखून घरांना पिवळा, निळा, तांबडा असं चालत आलं असं सांगतात. फोटोवाल्यांसाठी ह्याचा सरळ अर्थ असा की नोव्हेंबर-डिसेंबरात रंग ताजे मिळतात. पण मला विचाराल तर ऑगस्ट जास्त आवडतो, ओल्या भिंती, कौलांवर हिरवं, आभाळ भरलेलं असल्यामुळे सावल्या मऊ पडतात आणि रंग उलट जास्त गडद येतात, फक्त लेन्सवर थेंब पडतात म्हणून फडकं जवळ ठेवा.

एका खिडकीशी तिने बराच वेळ थांबवलं. काचेच्या जागी शिंपल्याच्या पातळ चकत्या लाकडी चौकटीत बसवलेल्या, जुन्या काळी काच महाग म्हणून हे करायचे. उजेड मागून आला की दुधाळ दिसतात. बहुतेक लोक लांबून अख्खं घर घेतात आणि ही खिडकी सोडून देतात. मोबाईलवाल्यांनो, इथे अल्ट्रावाईड नको, २एक्स करा आणि आडव्या कोनातून घ्या. आणि सातच्या सुमारास सायकलवरून पोदेर, म्हणजे पाववाला, येतो भोंपू वाजवत, मागे पावांची टोपली, त्याच्यासाठी कोपऱ्यावर तयारीत थांबायचं, तो तुमच्यासाठी थांबणार नाही.

सेंट सेबास्तियनची चापेल गल्लीच्या टोकाला. आत जो क्रूस आहे तो ओल्ड गोव्याच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला, आणि त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत. हे कळल्यावर सगळे जरा गप्पच झाले. प्रार्थना चालू होती म्हणून तिने कोणालाही आत कॅमेरा काढू दिला नाही, बरं केलं.

आता तो कापलेला स्टार. ग्रुप फार मोठा होता. एवढ्या अरुंद गल्लीत इतकी माणसं म्हणजे प्रत्येकाच्या फ्रेममध्ये दुसऱ्याची पाठ, आणि रहिवाशांनाही त्रास. जास्तीत जास्त सहा माणसं घ्यायला हवीत, मग थोडे जास्त पैसे घ्या, लोक देतील. आणि चर्चच्या इथे तर अक्षरशः घाईघाईत उरकलं.

चर्चबद्दल मीच सांगते मग. पणजीचं चर्च म्हणजे आपलं इमॅक्युलेट कन्सेप्शन, १५४१ ला छोटी चापेल होती, १६१९ ला मोठं बांधलं, तो नागमोडी जिना मात्र बराच नंतरचा. वरची मोठी घंटा ओल्ड गोव्याच्या ऑगस्टिनियन मठातून आणलेली. भर उन्हात फोटो काढला की पांढरा रंग सगळा जळून जातो आणि आभाळ राखाडी येतं. एक्स्पोजर एक स्टॉप कमी करा, नाहीतर सरळ दिवेलागणीला या, आभाळ गडद निळं आणि चर्चवर दिवे, ती वीस-पंचवीस मिनिटं अप्रतिम असतात. ८ डिसेंबरच्या फेस्तात रोषणाई असते तेव्हा तर बघायलाच नको, पण ट्रायपॉड उभा करायला जागा मिळत नाही.

तिथून आझाद मैदानाकडे. मैदानावरच्या मंडपात आज गोवा मुक्तीच्या लढ्यातले नेते टी. बी. कुन्हांचं स्मारक आहे, खांब सुंदर आहेत पण बाहेरगावची माणसं नुसती बघून पुढे जातात. समोरच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत मात्र आवर्जून जा. प्रवेशाच्या दालनात भिंतभर निळ्या-पांढऱ्या अझुलेजोस फरश्या, १९३५ च्या, जोर्ज कोलासो नावाच्या पोर्तुगीज चित्रकाराच्या, त्यात पोर्तुगीजांच्या 'लुसियाद' महाकाव्यातले प्रसंग रंगवलेत. फरशी चकाकते त्यामुळे समोरून फ्लॅश मारलात तर मधोमध पांढरा डाग येणार, थोडं बाजूला सरका. नदीकडे चालत गेलात की जुन्या सचिवालयापाशी आबे फारियाचा पुतळा, कांदोळीत जन्मलेला, पॅरिसमध्ये जाऊन संमोहनाचं काम केलेला माणूस, रामचंद्र पांडुरंग कामतांनी १९४५ ला घडवलेला. समोर बाई कोसळतेय आणि हा दोन्ही हात पसरून उभा. खाली बसून, आभाळ मागे घेऊन, काळी आकृती अशी घ्या. पणजीतला इतका नाट्यमय फोटो दुसरा नाही आणि तिथे कधीच गर्दी नसते ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

मध्ये खाणं. वॉकच्या पैशात एक कॉफी धरलेली होती कुठल्यातरी सजवलेल्या कॅफेत, ती ठीक. पण आम्ही नंतर भोंसल्यांच्या हॉटेलात जाऊन पातळ भाजी, पाव, मिरची भजी खाल्ली आणि कोल्हापूरकर पहिल्यांदा खूश झाले. वॉकवाल्यांनी ती कॉफी काढून हे ठेवावं अशी माझी मनापासून सूचना आहे.

शेवटचा टप्पा फेरीबोटीचा आणि इथे मी पूर्ण पाच देते. पणजी ते मांडवीपलीकडची बेती, चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, काही मिनिटांचा प्रवास, आणि फोटोसाठी अख्ख्या गोव्यात इतकी चांगली फुकटची जागा मला तरी माहीत नाही. पाण्याच्या मधोमध गेलात की पूर्वेला तिन्ही मांडवी पूल एकामागे एक, त्यात अटल सेतू सगळ्यात उंच, मधोमध केबल्सचा पंखा उघडल्यासारखा. २७ जानेवारी २०१९ ला सुरू झाला, पाच किलोमीटरच्या वर लांब, त्यावर दुचाकी नेता येत नाही, म्हणजे त्याचा फोटो खालूनच, पाण्यावरूनच काढायचा. पश्चिमेला नदीचं मुख आणि वेऱ्याच्या टेकडीवर रेईश मागूशचा किल्ला. सकाळी पुलाकडून ऊन येतं म्हणून पूल काळे येतात, ते पण छान दिसतं, पण संध्याकाळी मावळतीचा उजेड केबल्सवर पडतो तेव्हाची गोष्ट वेगळी. आम्ही त्याच दिवशी संध्याकाळी आपले आपण परत गेलो. कामावरून घरी जाणारी माणसं, स्कूटरवर बसूनच मोबाईल बघणारी, मासळीची रिकामी टोपली घेतलेल्या बायका, कॉलेजची पोरं, आणि मागे कॅसिनोच्या बोटींचे दिवे एकेक लागतायत. कॅसिनो मला आवडत नाहीत, मांडवीत ते नसते तर बरं झालं असतं असं माझं ठाम मत आहे, पण पाण्यावरची ती लाल-जांभळी प्रतिबिंबं फोटोत येणारच, आजची पणजी अशी आहे. बोट हलते म्हणून शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या खाली नेऊ नका, अंधार पडला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, वाढवा, थोडा ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, आला तर येऊ दे. ट्रायपॉडचा बोटीत काही उपयोग नाही आणि लोकांच्या वाटेत येतो. बेतीला उतरून लगेच परत न येता धक्क्यावर थांबा, तिथून पणजीचा पूर्ण काठ एका फ्रेममध्ये मिळतो.

वेळ असेल तर रेईश मागूशला पण जा, किल्ला नीट दुरुस्त करून २०१२ ला लोकांसाठी उघडलाय, तटावरून पणजी समोर पसरलेली दिसते. मिरामार आणि दोना पावलाबद्दल लिहीत नाही, सूर्यास्त कुठलाही समुद्रकिनारा देतो, त्यासाठी पणजीला यायची गरज नाही. उलट मळ्यातल्या मारुतीच्या जत्रेला या, फेब्रुवारीच्या आसपास असते. टेकडीवर देऊळ, खाली फोंताईन्हासच्या गल्ल्या, आणि वरपासून खालपर्यंत दिवे आणि खाजेवाल्यांची दुकानं. त्याच गल्ल्यांचा असा फोटो रीलवर कधी दिसत नाही. आमची गाईड म्हणाली त्या दिवसात ती वॉक ठेवत नाही, कारण तेव्हा ती स्वतः जत्रेत असते. शिगम्याची मिरवणूक पणजीत येते तेव्हा रोमटामेळ (ढोलांच्या तालावर नाचत जाणारे जथे) आणि घोडेमोडणी (कमरेला लाकडी घोडे बांधून केलेला नाच) घ्यायला लांब लेन्स लागते, ढोलाच्या अगदी जवळ गेलात तर फक्त हात दिसतात.

बुकिंग करताना आधी फोन करून ग्रुप किती जणांचा आहे ते विचारा आणि शनिवार-रविवार टाळा. कोल्हापूर, सावंतवाडी, बेळगावकडून कदंबाने, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसने, येणाऱ्यांनी रात्रीची गाडी धरली तरी चालेल, पाट्ट्यावरच्या स्टँडवर उतरून खाडीवरचा पूल ओलांडला की चालत पोचता, रिक्षा लागत नाही. गाडी घेऊन आलात तर ती पाट्ट्याच्या बाजूलाच लावा, फोंताईन्हासच्या आत घालू नका, तिथल्या लोकांच्या स्वतःच्या गाड्यांना जागा पुरत नाही. पायात चप्पल नको, आल्तिनोच्या पायऱ्या पावसात घसरड्या असतात. आणि माझ्या बहिणीने विचारलंय म्हणून ज्यांनी संध्याकाळची बॅच केली असेल त्यांनी फेरीबोट त्यात धरलेली असते का ते खाली सांगा, डिसेंबरात ते परत येतायत.