आमच्या तालुक्यातील धर्मादाय बालोपचार केंद्र : एक अभिप्राय

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी एक ट्रस्ट आजारी व दिव्यांग मुलांसाठी धर्मादाय केंद्र चालवतो. संस्थेला प्रसिद्धीची हौस नसल्यामुळे नाव लिहीत नाही. परिसरातील कोणतीही आशा सेविका पत्ता सांगू शकेल. माझ्या पुतण्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहण्याचा विकार) असल्याने वहिनींसोबत माझे तेथे नेहमी जाणे होते, त्या अनुभवावर हा अभिप्राय आहे.

या केंद्राची खरी गुणवत्ता औषधांच्या कपाटात नसून आईला शिकवण्याच्या पद्धतीत आहे. फिजिओथेरपिस्ट बाई स्वतः मुलाचे पाय ताणून त्याला परत पाठवत नाहीत. त्या एकदा करून दाखवतात, मग वहिनींना करायला लावतात आणि चुकले तर त्यांचा हात धरून दुरुस्त करतात. पहिल्याच भेटीत त्यांनी व्यायामाआधी भरवण्याविषयी विचारले. आमच्याकडे आजी त्याला मांडीवर आडवे निजवून पातळ वरणभात भरवत असे, आणि दर हिवाळ्यात त्याची छाती भरत असे. अशा मुलांचे गिळणे मंद असते, आडवे असताना घास श्वासनलिकेत उतरतो व त्यातून न्यूमोनिया होतो, हे कारण आजीला समजेल अशा शब्दांत सांगितल्यावर मूल ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, घट्टसर भात लहान चमच्याने देणे घरात सुरू झाले. बसवण्यासाठीची कोपऱ्याची खुर्ची (पाठीला व दोन्ही बाजूंना आधार देणारी) त्यांनी दिलेल्या मापावरून गावातल्या सुताराने बनवली. शहरातील एका खासगी दवाखान्यात आम्ही याआधी बराच पैसा खर्च केला होता, पण मूल जेवते कसे, हे तेथे कोणी विचारले नव्हते.

जन्मतः आत वळलेल्या पावलांसाठी येथे पॉन्सेटी पद्धतीने, म्हणजे पाऊल हळूहळू सरळ करत, दर आठवड्याला प्लास्टर बदलले जाते. पाऊल सरळ झाल्यावरही बूट-पट्टी (आडव्या पट्टीने जोडलेले बूट) पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि पुढे चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत रात्री घालावी लागते. पाऊल पुन्हा वळते ते बहुधा ही पट्टी सोडल्यामुळे, म्हणून कर्मचारी त्याविषयी जरा कठोरपणे बोलतात. ते बोलणे मनावर घेऊ नये.

विदर्भात सिकलसेलचे (रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचे) रुग्ण पुष्कळ आहेत, त्यामुळे त्या मुलांची वेगळी नोंदवही ठेवलेली आहे. भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक आणि हायड्रॉक्सीयुरिया हे या आजारावरचे औषध चालू असल्यास ठरावीक काळाने रक्ततपासणी, ही शिस्त चांगली पाळली जाते. मात्र अशा मुलाला ताप आला तर तो साधा समजून घरी थांबणे धोक्याचे असते आणि केंद्र तर आठवड्यातून एकच दिवस उघडे असते. इतर दिवशी कोठे जावे, याची चिठ्ठी प्रत्येक पालकाला लिहून द्यायला हवी. सध्या ते तोंडी सांगितले जाते आणि घाबरलेल्या आईबापांच्या ते लक्षात राहत नाही.

उणिवा आणखीही आहेत. पायाचे स्प्लिंट (पाय योग्य स्थितीत धरून ठेवणारा साचा) मिळायला इतका उशीर होतो की तोवर मुलाचे पाय वाढलेले असतात. वाचा-उपचार तज्ज्ञ क्वचितच येतात. दिव्यांग मुलांसाठीच्या या इमारतीत शौचालयाकडे जाताना दोन पायऱ्या चढाव्या लागतात, आणि त्याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. उपचार मोफत असले तरी कास्तकार किंवा मजूर कुटुंबाची त्या दिवसाची मजुरी बुडते आणि एसटीचे भाडे लागतेच, तेव्हा लांबच्या गावांच्या मुलांना आधी तपासण्याची पद्धत असावी, असे वाटते.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र येथील मदतनीस तत्पर आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारांचा समावेश असून त्यांत सिकलसेलही आहे, हे अनेक पालकांना येथेच प्रथम कळते. यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज ते भरून देतात. प्रमाणपत्रासाठीची तपासणी मात्र सरकारी रुग्णालयातच होते. केंद्रात जाताना मुलाचा जन्मदाखला, आधारकार्ड, जुने सर्व अहवाल आणि प्रसूतीच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावे. मुलाला घरी रोज जी व्यक्ती भरवते व आंघोळ घालते, तिलाच बरोबर न्यावे. सकाळच्या पहिल्या एसटीने पोहोचल्यास दुपारपर्यंत मोकळे होता येते. कापूस वेचणीच्या दिवसांत गर्दी बरीच कमी असते.