कोल्हापूर, शाहूपुरीतला बायबल अभ्यासवर्ग: शंका घेऊनच जा

नायसिया परिषदेत (इ.स. ३२५ मधली बिशपांची सभा) मतदान घेऊन बायबलची पुस्तकं निवडली, हा समज पहिल्याच तासाला निकालात निघतो. तिथला वाद ख्रिस्ताच्या देवत्वाचा. नव्या कराराच्या (बायबलचा दुसरा भाग) २७ पुस्तकांची यादी बिशप अथानासियसच्या ३६७ च्या पत्रात सापडते. मृत समुद्राजवळच्या कुमरानला सापडलेल्या, यशया या बायबलमधल्या पुस्तकाच्या गुंडाळीचे फोटो तर नाद खुळा! आधी हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षं जुनी, तरी मजकूर बहुतांश तोच. फरक मुख्यतः शुद्धलेखनाचे. मार्क १६:९-२० (मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट) सर्वांत जुन्या प्रतींत नाही, हेही सर लपवत नाहीत, म्हणून बाकीचं पटतं. त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) म्हणजे तीन देव नव्हेत, हे मात्र घाईत उरकलं. झेरॉक्स फिकट. तळटिपांचं बायबल घरूनच न्या.