थिंकपॅड एक्स२३० वरील कोअरबूट: एक परीक्षण
बटण दाबल्यापासून लिनक्स सुरू होईपर्यंत मदरबोर्डवरील चिपमधून कोणता कोड चालतो, हे वापरकर्त्याला सहसा पाहताही येत नाही. अशा कोडला फर्मवेअर म्हणतात. लॅपटॉपच्या मूळ फर्मवेअरच्या (बायोसच्या) जागी बसणाऱ्या कोअरबूटचा कोड खुला आहे आणि २०१२ सालच्या थिंकपॅड एक्स२३० वर तो वापरल्यानंतर मी त्याची मनापासून शिफारस करतो, मात्र सर्वांना नव्हे.

१९९९ मध्ये अमेरिकेतील लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेत लिनक्सबायोस या नावाने सुरू झालेला हा प्रकल्प हार्डवेअर जागे करण्यापुरतेच काम स्वतःकडे ठेवतो आणि पुढचे काम सीबायोससारख्या पेलोडवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करून देणाऱ्या जोड-प्रोग्रॅमवर, सोपवतो. हा मोजकेपणा मला सर्वांत मोलाचा वाटतो. डिसेंबर २०२३ मध्ये उघड झालेल्या लोगोफेल नावाच्या सुरक्षा त्रुटी यूईएफआय, म्हणजे बायोसची जागा घेतलेल्या नव्या प्रकारच्या, फर्मवेअरच्या आरंभीचे बोधचिन्ह वाचणाऱ्या भागात होत्या. म्हणजे निव्वळ शोभेच्या सोयीतून हल्लेखोराला ऑपरेटिंग सिस्टीमच्याही आधी शिरकाव मिळू शकत होता. मी तयार केलेल्या कोअरबूटमध्ये असे चित्रच नाही. शिवाय मूळ बायोस ठरावीक वाय-फाय कार्डेच स्वीकारतो, ते बंधनही येथे सुटते.

बसवणे कष्टाचे आहे. फर्मवेअर साठवणाऱ्या ८ आणि ४ एमबीच्या दोन चिपांपर्यंत पोहोचण्यासाठी लॅपटॉप उघडावा लागतो, क्लिप लावून प्रोग्रॅमर या बाह्य उपकरणाने लेखन करावे लागते, आणि मूळ फर्मवेअर दोनदा वाचून दोन्ही प्रती जुळल्याशिवाय पुढे जाऊच नये. इंटेल मॅनेजमेंट इंजिन, म्हणजे इंटेलच्या चिपसेटमध्ये स्वतंत्रपणे चालणारी बंदिस्त यंत्रणा, येथे पूर्णपणे जात नाही. एमई-क्लीनर या साधनाने तिचा बहुतांश भाग काढता येतो. ज्यांना ती समूळ नको असेल, त्यांनी कमी वेग स्वीकारून २००८ सालचा एक्स२०० लिब्रेबूट या कोअरबूटवर आधारित फर्मवेअरसह घ्यावा.