डेबियनवर पायथन पॅकेजेस: ॲप्ट की पिप?

डेबियन लिनक्सवर पायथनची पॅकेजेस ॲप्टने (डेबियनचं पॅकेज साधन) घ्यायची की पिपने (पायथनचं पॅकेज साधन), हा प्रश्न ऐरोली-महापेच्या कंपन्यांत सर्व्हर सांभाळणाऱ्यांना सारखा पडतो. डेबियन १२ पासून थेट पिप चालवलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' ही एरर येते. ती योग्यच आहे. सिस्टिमची स्वतःची साधनं त्याच पायथनवर चालतात, त्यामुळे तिथली लायब्ररी बदलली तर तीच बंद पडू शकतात. 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' हा पर्याय देऊन एरर दाबू नका.

ॲप्टने घेतलेलं पॅकेज तयार बायनरी असतं. सायकोपीजी२ (पायथनला पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडणारं पॅकेज) मागितलं की पोस्टग्रेसची लायब्ररीही आपोआप येते आणि सुरक्षा अपडेट्स नेहमीच्या अपग्रेडमध्येच मिळतात. अडचण आवृत्तीची: डेबियन १२ मध्ये जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) ३.२ वरच थांबलंय.

नवी आवृत्ती हवी तर पिप, पण व्हीएन्व्हमध्येच (सिस्टिमपासून वेगळं ठेवलेलं पायथनचं वातावरण). आधी ॲप्टने पायथन३-व्हीएन्व्ह टाका, नाहीतर एन्शुअरपिप (व्हीएन्व्हमध्ये पिप बसवणारा भाग) नसल्याची तक्रार येते. पिपने सायकोपीजी२ सोर्सपासून बांधायचं तर जीसीसी (कंपायलर), पायथन३-डेव्ह आणि लिबपीक्यू-डेव्ह लागतात. 'पीजी_कॉन्फिग सापडत नाही' ही एरर बहुतेक वेळा शेवटचं पॅकेज नसल्यामुळेच. व्हीएन्व्हचा फोल्डर हलवू नका, आतल्या स्क्रिप्टमध्ये पूर्ण पाथ लिहिलेला असतो. डेबियन १३ वर गेलात की पायथन ३.११ चं ३.१३ होतं आणि जुना व्हीएन्व्ह निकामी ठरतो. म्हणून अपग्रेडच्या आधीच पिप फ्रीझने बसवलेल्या पॅकेजेसची यादी काढून ठेवा.

सर्व्हरवरच्या छोट्या स्क्रिप्टला ॲप्ट पुरे. क्लायंटच्या ॲप्लिकेशनला मात्र व्हीएन्व्हच द्या, प्रत्येकाला वेगळा.